सावलीतल्या भिंतीसाठी वेल : सोलापूर रस्त्यावरील एका रोपवाटिकेचा अनुभव

पुण्याहून उरुळी कांचनकडे जाताना महामार्गालगत ज्या अनेक रोपवाटिका लागतात, त्यांपैकी एका मध्यम आकाराच्या रोपवाटिकेतून आम्ही सोसायटीच्या उत्तरेकडील कुंपणभिंतीसाठी वेल घेतले. इमारतीच्या सावलीमुळे या भिंतीला मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंतचा काळ, म्हणजे दुपारचा सूर्य उत्तरेकडे कललेला असतो तेवढे आठवडे सोडले, तर थेट ऊन जवळजवळ मिळत नाही.

या रोपवाटिकेची जमेची बाजू म्हणजे तिचे मालक विकण्याआधी विचारतात. ऊन किती तास येते, भिंतीला गिलावा आहे की दगड उघडा आहे, शेजारी जाळी आहे का, हे सगळे त्यांनी विचारून घेतले आणि आम्ही मागितलेली मधुमालती देण्याचे चक्क टाळले. ती सावलीत वाढेल, पण उन्हाच्या शोधात वर चढत जाईल आणि फुले तिसऱ्या मजल्यावरच्यांनाच दिसतील, असे त्यांचे म्हणणे होते. “इथं फूल मागू नका, पान मागा,” हे त्यांचे वाक्य जाई-जुई आणि बोगनवेलीलाही तितकेच लागू पडते.

भिंतीच्या उघड्या दगडी भागासाठी त्यांनी फायकस पुमिला सुचवला. हा वेल खोडावरील बारीक मुळांनी स्वतःच भिंतीला चिकटत असल्याने तार किंवा दोरी लागत नाही. मोठ्या कुंडीतला वेल न देता त्यांनी लहान पिशवीतली रोपे दिली, कारण लोंबणाऱ्या जुन्या फांद्या भिंत धरत नाहीत, नवी फूट मात्र धरते. सुरुवातीची वाढ संथ असते. एकदा जम बसला की छाटणी चुकवता येत नाही, नाहीतर जाड पानांच्या फांद्या भिंतीपासून सुटून पुढे येतात. रंगवलेल्या भिंतीवर मात्र तो लावू नये, कारण काढताना रंगाचे, कधी गिलाव्याचेही, पोपडे सोबत येतात.

जाळीसाठी मनी प्लांट आणि नागवेल घेतली. आधार मिळाला की मनी प्लांटची पाने चांगली मोठी होतात, पण दाट सावलीत त्यांवरील पिवळसर छटा फिकी पडून ती हिरवी होतात. हा वेल चघळल्यास कुत्र्या-मांजरांना त्रास होतो, हे मालकांनी सांगायला हवे होते. माझी पसंती नागवेलीला आहे. पानमळ्यांत ती शेवरी-शेवग्याच्या सावलीतच वाढवतात, त्यामुळे अशी जागा तिला मानवते. फक्त उन्हाळ्यात ओल टिकवावी लागते आणि पावसाळ्यात मुळाशी पाणी साचू द्यायचे नसते. मिरीचा वेलही दाखवण्यात आला, परंतु पुण्याच्या कोरड्या हवेत आणि इतक्या गडद सावलीत मिरीच्या घोसांची आशा धरणे मला पटले नाही.

तक्रारी दोन आहेत. बहुतेक पिशव्यांवर नावाची चिठ्ठी नाही, आणि एका रोपावर पिठ्या ढेकूण निघाला, जे रोप त्यांनी कुरकुर न करता बदलून दिले. शनिवार-रविवारी मालक स्वतः नसतात आणि मदतनीस मागाल तो वेल काढून देतात. त्यामुळे आठवड्याच्या मधल्या दिवशी, शक्यतो भिंतीचे छायाचित्र घेऊन जावे.