थिंकपॅड टी४८० : कार्यालय आणि घर, दोन्हींसाठी भरवशाचा जुना लॅपटॉप

जीएसटीची विवरणपत्रे, टॅलीमधले हिशेब, पक्षकारांशी होणारा पत्रव्यवहार आणि संध्याकाळी मुलांचा अभ्यास ही सगळी कामे एकाच लॅपटॉपवर करायची असतील, तर वेगाच्या आधी भरवसा पाहावा लागतो. भरवशाचा लॅपटॉप मी त्याला म्हणतो, ज्याचा बिघडलेला भाग बाजारात सुटा मिळतो, जो जिल्ह्याच्या ठिकाणच्या साध्या दुरुस्तीच्या दुकानात उघडता येतो आणि ज्याची बॅटरी उतरली म्हणून अख्खे यंत्र मोडीत काढावे लागत नाही. या कसोटीवर लेनोवोचा थिंकपॅड टी४८० मला आजही उत्तम वाटतो, आणि म्हणूनच चाळीस हजारांच्या आतबाहेरचा नवा लॅपटॉप बाजूला ठेवून मी साधारण त्याच्या निम्म्या किमतीत वापरलेला टी४८० घेतला.

हा लॅपटॉप २०१८ साली बाजारात आला. कंपन्या असे लॅपटॉप मोठ्या संख्येने घेतात, काही वर्षांनी एकदम बदलतात, आणि मग ते साफसफाई व दुरुस्ती होऊन ‘रिफर्बिश्ड’ म्हणून विक्रीला येतात. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर, दिल्लीत नेहरू प्लेसमध्ये आणि आता बहुतेक मोठ्या शहरांत हा माल मिळतो. यंत्र जुने असले तरी ते रोज आठ-दहा तास वापरण्यासाठी बनवलेले आहे, हे बिजागरी उघडताना आणि कीबोर्डवर बोटे ठेवताना लगेच जाणवते.

कीबोर्डबद्दल थोडे विस्ताराने लिहायला हवे, कारण दिवसभर आकडे आणि मजकूर टंकणाऱ्या माणसासाठी तोच लॅपटॉपचा मुख्य भाग असतो. कळा किंचित खोलगट आहेत, दाबल्यावर पुरेशा खाली जातात आणि कळ लागली की नाही याची शंका राहत नाही. इनस्क्रिप्ट पद्धतीने मराठी टंकताना शिफ्टची कळ वारंवार लागते. तिथे हा फरक हाताला विशेष कळतो. डाव्या कोपऱ्यात कंट्रोलऐवजी एफएन कळ आहे, ती सुरुवातीला त्रास देते. मात्र बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉप सुरू होतानाच उघडता येणाऱ्या मूळ मांडणीत, जाऊन या दोन कळांची अदलाबदल करता येते. मधला लाल ट्रॅकपॉइंट, म्हणजे माऊसचे काम करणारे छोटे बोंड, सवयीचा झाला की टंकताना हात उचलावा लागत नाही. कीबोर्डवर थोडे पाणी सांडले तर ते खाली वाहून जावे अशी रचना आहे, आणि कीबोर्ड खराब झालाच तर तेवढाच बदलता येतो.

दुसरी मोठी जमेची बाजू म्हणजे बॅटरी. टी४८०मध्ये दोन बॅटऱ्या असतात : एक आत बसवलेली २४ वॉट-अवर क्षमतेची आणि दुसरी मागच्या बाजूने काढता येणारी. मागची बॅटरी २४, ४८ किंवा ७२ वॉट-अवर अशा आकारांत मिळते. आतली बॅटरी चार्ज असेल तर लॅपटॉप बंद न करता मागची बॅटरी बदलता येते. पावसाळ्यात आमच्या भागात वीज तासन्‌तास जाते आणि विवरणपत्राची शेवटची तारीख त्यासाठी थांबत नाही. अशा वेळी ४८ची चांगली बॅटरी इन्व्हर्टरसारखाच दिलासा देते. ४८ आणि ७२ या दोन्ही बॅटऱ्या खाली फुगवटा आल्यासारख्या बाहेर राहतात आणि वजनही वाढवतात, त्यामुळे ७२ची बॅटरी सतत प्रवास करणाऱ्यांनीच घ्यावी. बाजारात या बॅटऱ्यांच्या नकला भरपूर आहेत, म्हणून बॅटरी नेहमी पक्क्या बिलावर आणि लेखी हमीसह घ्यावी.

जोडण्यांच्या बाबतीत आजचे बरेच नवे लॅपटॉप कंजूष झाले आहेत. येथे जुन्या आकाराचे दोन यूएसबी, दोन टाइप-सी, पूर्ण आकाराचे एचडीएमआय, नेटवर्क केबलची जागा आणि मोठ्या मेमरी कार्डाची खाच असे सगळे आहे. डिजिटल सहीचे टोकन, प्रिंटर आणि माऊस वापरणाऱ्याला जोडण्या वाढवणारा वेगळा हब घेऊन फिरावे लागत नाही. रॅमसाठी दोन खाचा आहेत. त्यामुळे ८ जीबीचा लॅपटॉप घेऊन पुढे सवडीने १६ जीबी करता येतो. स्वस्त आणि हलक्या नव्या लॅपटॉपमध्ये रॅम अनेकदा मदरबोर्डवरच, म्हणजे आतल्या मुख्य सर्किटपट्टीवरच, डकवलेली असते आणि हा मार्ग कायमचा बंद होतो. नाव जवळजवळ सारखे असलेल्या टी४८०एसमध्येही काही रॅम अशीच डकवलेली आहे, म्हणून नाव नीट वाचून घ्यावे.

याहून मोठा गोंधळ टी४७०मुळे होतो. तो बाहेरून टी४८०सारखाच दिसतो, पण त्यातले प्रोसेसर सहाव्या किंवा सातव्या पिढीचे आहेत. विंडोज १०ची नियमित सुरक्षा अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली, आणि विंडोज ११ अधिकृतपणे चालण्यासाठी इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. बँक आणि कर यांची कामे ज्या यंत्रावर करायची, त्याच्या बाबतीत टी४७० घेण्याची तडजोड करू नये. विक्रेत्याच्या चिठ्ठीवर विसंबून न राहता संगणक सुरू करून त्यात आय५-८२५०यू किंवा आय५-८३५०यू हे नाव स्वतः पाहावे. दोन्हींत चार कोअर आहेत आणि कार्यालयीन कामाला ते पुरतात.

खरेदीच्या वेळी आणखी चार गोष्टी तपासल्याशिवाय पैसे देऊ नयेत असे माझे ठाम मत आहे. पहिली, बायोसचा पासवर्ड. आधीच्या कंपनीने लावलेला सुपरवायझर पासवर्ड राहिला असेल, तर तो काढण्याचा अधिकृत मार्ग मदरबोर्ड बदलणे हाच आहे. दुसरी, विंडोज नव्याने बसवल्यावर एखाद्या कंपनीच्या नावाने लॉगिन मागितले जाते का; तसे झाले तर ते यंत्र अजून त्या कंपनीच्या नोंदीत अडकलेले आहे असे समजावे. तिसरी, दोन्ही टाइप-सी जोडण्यांवर चार्जर लावून पाहणे. २०१७ ते २०१९ या काळातल्या अनेक थिंकपॅडमध्ये थंडरबोल्ट या वेगवान टाइप-सी जोडणीच्या फर्मवेअरमधल्या (आत भरलेल्या आज्ञावलीतल्या) दोषामुळे ही जोडणी निकामी होऊ शकत असे. लेनोवोने त्यावर अद्यतन दिले आहे, आणि जोडणी शाबूत असेल तर घरी आणल्यावर ते सर्वांत आधी बसवावे. चौथी, विंडोजमधून बॅटरीचा अहवाल काढून तिची मूळ क्षमता आणि आजची क्षमता ताडून पाहणे. हे सर्व अर्ध्या तासात होते. जो विक्रेता त्यासाठी अर्धा तास द्यायला तयार नसतो, त्याच्याकडून लॅपटॉप घेऊ नये.

उणिवाही स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. यातील काही लॅपटॉप १३६६ बाय ७६८ बिंदूंच्या पडद्यासह येतात. त्यांवर लहान अक्षरांतली ‘द्ध’, ‘ष्ट्र’ यांसारखी जोडाक्षरे गिचमिड दिसतात आणि डोळे लवकर थकतात. पूर्ण एचडी (१९२० बाय १०८० बिंदूंचा) आयपीएस, म्हणजे बाजूने पाहिले तरी स्पष्ट दिसणारा, पडदाच घ्यावा; तोही फार उजळ नाही आणि त्याचे रंग फिके आहेत, त्यामुळे छायाचित्रकाराने किंवा चित्रफितींचे संपादन करणाऱ्याने या लॅपटॉपच्या वाटेला जाऊ नये. कॅमेरा ७२०पी दर्जाचा आणि सुमार आहे. ऑनलाइन वर्गात मुलांचा चेहरा ओळखू येतो, एवढेच त्याचे कौतुक करता येईल. इतक्या वर्षांत प्रोसेसरवरची उष्णतावाहक पेस्ट सुकलेली असते. ती बदलून पंखा साफ केला की आवाज आणि उष्णता दोन्ही बरीच कमी होतात. लेनोवोने या लॅपटॉपची दुरुस्ती पुस्तिका सर्वांसाठी खुली ठेवली आहे आणि तिच्यात प्रत्येक भाग काढण्याचा क्रम चित्रांसह दिला आहे, त्यामुळे मॉडेलची माहिती नसलेला कारागीरही हे काम बिनचूक करू शकतो. त्याला एकच आठवण करून द्यावी, की झाकण काढण्यापूर्वी बायोसमधून आतली बॅटरी बंद करायची असते.

चांगल्या स्थितीतला टी४८० न मिळाल्यास त्याच काळातले डेलचे लॅटिट्यूड ५४९० आणि एचपीचे एलिटबुक ८४० जी५ हे पर्याय पाहावेत. दोन्हींत रॅमच्या दोन खाचा आहेत, मात्र दुसऱ्या, बाहेरून बदलता येणाऱ्या बॅटरीची सोय त्यांत नाही. ज्यांच्या घरी वीज जात नाही, त्यांना ती उणीव जाणवणारही नाही, आणि एलिटबुकचे धातूचे अंग तर अनेकांना थिंकपॅडपेक्षा अधिक आवडेल.