कोयनेच्या खोऱ्यात टोपोशीट: ४७ जी/१० वापरून कशी वाटली

सह्याद्रीत जुन्या घाटवाटा आणि उठून गेलेली गावं शोधत हिंडायचं असेल, तर सर्वे ऑफ इंडियाच्या टोपोशीटला, म्हणजे जमिनीचे चढउतार दाखवणाऱ्या तपशीलवार नकाशाला, पर्याय नाही. मोबाइलवर कितीही चांगला नकाशा असू दे. मी साताऱ्यात शाळेत भूगोल शिकवते, सुट्ट्यांत जावळीच्या आणि कोयनेच्या रानात फिरते, आणि बरीच वर्षं ही शीट माझ्या सॅकच्या वरच्या कप्प्यात असते. तिच्यावर कुठे विसंबावं आणि कुठे नाही, हे एकदा नीट लिहायचं होतं.

आधी मिळवायची कशी ते सांगते. सर्वे ऑफ इंडियाच्या पोर्टलवर नोंदणी केली की 'ओपन सिरीज'च्या १:५०,००० शीटा पीडीएफ स्वरूपात मोफत उतरवून घेता येतात. नवख्या माणसाचा घोळ होतो तो क्रमांकांत. जुन्या ट्रेकर मंडळींच्या तोंडी ४७ जी/१० असतं. पोर्टलवर तीच जागा ई४३एन१० म्हणून सापडते. शेवटचा आकडा तोच राहतो, मधलं अक्षर बदलतं, कारण जुन्या पद्धतीत अक्षरं वरून खाली उतरतात आणि नव्या पद्धतीत डावीकडून उजवीकडे जातात. पुण्याची ४७ एफ/१४ म्हणूनच ई४३एच१४ झाली. एवढं कळलं की जुन्या पुस्तकातला कुठलाही क्रमांक घेऊन नवी शीट काढता येते.

एक शीट अक्षांशाची पंधरा मिनिटं आणि रेखांशाची पंधरा मिनिटं व्यापते. आपल्या भागात हे साधारण २७ किमी लांब-रुंद होतं, कागदावर ५५ सेंमीच्या आसपास. प्रिंट ए-वन कागदावर काढा आणि दुकानात बजावून सांगा की कागदात बसवायची नाही, मूळ मापातच हवी. १ किमी म्हणजे बरोबर २ सेंमी भरले पाहिजेत. मी पट्टी घेऊनच जाते. लॅमिनेशनच्या भानगडीत पडू नका, त्यावर पेन्सिल चालत नाही, आणि ज्या शीटवर पेन्सिलीने लिहिता येत नाही ती माझ्या मते निम्मीच कामाची. न फाटणारा सिंथेटिक कागद मिळतो, तो थोडा महाग पडतो पण घाम, दव आणि लाँचमधले शिंतोडे सगळं सोसतो.

आता शीट उघडून आधी खालचा भाग वाचा. मुलांनाही मी हेच सांगते: नकाशा तळापासून वाचायला घ्यायचा. तिथे सर्वेक्षणाचं वर्ष छापलेलं असतं आणि खुणांची यादी असते. त्या यादीत नांदतं गाव आणि ओसाड गाव यांच्या खुणा वेगवेगळ्या आहेत. बांधलेली विहीर वेगळी, बिनबांधणीची वेगळी. झरा, देऊळ, छत्री (समाधीवरची), थडगं, त्रिकोणातली मोजलेली उंची, सगळ्याला आपापली जागा. गाडीवाट, लादलेल्या जनावरांची वाट आणि पाऊलवाट हेही तीन निराळे प्रकार. घाटवाटा शोधणाऱ्याला या तिन्हींतला फरक फार उपयोगी पडतो. बैलांचे तांडे ज्या वाटेने कोकणातून मीठ घेऊन चढायचे, ती वाट चढ बेताचा ठेवून वळणं घेत जाते, आणि मोडली तरी रानात तिची रुंदी, तिचे दगडी टेकू बराच काळ ओळखू येतात. नुसती पाऊलवाट दोन पावसाळ्यांत कारवीखाली जाते.

इथेच मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते सांगायचं आहे. या शीटवर जमिनीच्या आकारासाठी डोळे झाकून विसंबा, वाटेसाठी मुळीच नको. सोंड, खिंड, नाळ (डोंगरातली अरुंद, उभी घळ), ओढ्यांचा संगम यांत माझी शीट आजवर कधी चुकलेली नाही. पण शीटवरच्या वाटा सर्वेक्षणाच्या वर्षातल्या आहेत. त्या वर्षी गावात माणसं होती, गुरं होती, म्हणून वाटा होत्या. माणूस गेला की वाट जाते. तेव्हा शीटवरची तुटक रेषा बघून 'इथे वाट आहे' असं न म्हणता 'इथून वाट जाऊ शकत होती' असं म्हणावं. मग जमिनीवर ती का गेली असेल, याचा विचार सुरू होतो आणि हरवलेलं टोक बऱ्याचदा सापडतं.

आकाराची एक मर्यादाही आहे. समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, यांच्यात उंचीचं अंतर २० मीटर आहे. आपला बेसॉल्ट पायऱ्या-पायऱ्यांचा. पंधरा मीटरचा सरळ कातळ दोन रेषांच्या मध्ये पूर्ण लपू शकतो, आणि पंधरा मीटरचा कातळ म्हणजे दोराशिवाय उतरता न येणारी जागा. वासोटा किल्ल्याशेजारी बाबूकड्यापाशी रेषा इतक्या दाटतात की कडा आहे हे कुणालाही कळतं. धोका असतो तो रेषा विरळ दिसतात अशा पदरात, म्हणजे डोंगराच्या मधल्या सपाटीत. म्हणून कोकणात उतरणारी अनोळखी नाळ केवळ शीट बघून कधीही धरू नका, वरच्या आणि खालच्या गावातल्या माणसाला विचारूनच धरा.

४७ जी/१० मध्ये वासोटा आणि कोयनेच्या खोऱ्याचा मधला भाग येतो. बामणोलीहून लाँचने शिवसागर, म्हणजे कोयना धरणाचा जलाशय, ओलांडून पायथ्याला उतरलं की मेट इंदवली. आता तिथे वनखात्याची चौकी आहे, गाव नाही. येणारे बहुतेक जण नोंद करून सरळ गड चढू लागतात. शीट हातात असेल तर तिथेच घटकाभर थांबावंसं वाटतं. ओढा कुठून येतो, सपाट जागा कुठे आहे, पाणी आणि सपाटी यांच्या हिशोबाने घरं कुठे असणार, हे कागदावर दिसतं, मग डोळ्यांना जमिनीवर दिसायला लागतं. एका रांगेतली आंब्या-फणसाची झाडं रानात आपसूक उगवत नाहीत. चौकोनात रचलेले दगड म्हणजे जोतं. पायऱ्यांसारखे उतरत गेलेले बांध म्हणजे भाताची खाचरं. हे बघायला चौकीपासून लांब जावंही लागत नाही.

या खोऱ्यातली माणसं टप्प्याटप्प्याने गेली. १९६०च्या दशकात धरणाचं पाणी चढलं तेव्हा नदीकाठची गावं गेली. ११ डिसेंबर १९६७च्या भूकंपाने खोरं हादरलं. १९८५ साली अभयारण्य झालं, २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प, आणि काठावर उरलेल्या वस्त्याही हलत गेल्या. म्हणून इथे एकच शीट पुरत नाही. धरणानंतरच्या शीटवर निळ्या रंगाखाली काय आहे, हे ती सांगू शकत नाही.

त्यासाठी दुसरा नकाशा घ्या. अमेरिकन सैन्याच्या नकाशा विभागाने १९५०च्या दशकात भारताची १:२,५०,००० ची मालिका काढली, यू५०२ नावाची. तिचा आधार मुख्यतः सर्वे ऑफ इंडियाच्याच जुन्या शीटांचा. टेक्सास विद्यापीठाच्या पेरी-कास्तानेडा लायब्ररीने ती स्कॅन करून मोफत ठेवली आहे. आपल्या खोऱ्यासाठी एनई ४३-१० हा क्रमांक बघा. त्यावर शिवसागर नाही. महाबळेश्वरहून निघून दक्षिणेला वाहणारी, हेळवाकपाशी पूर्वेला वळणारी कोयना नदी म्हणूनच दिसते, आणि तिच्या दोन्ही काठांना गावांची नावं.

माझ्या सासूबाईंचं माहेर त्या काठावरचं. पाणी आलं तेव्हा त्या नऊ-दहा वर्षांच्या होत्या. मी त्या नकाशाचा एक तुकडा मोठा करून छापला आणि त्यांच्यासमोर जेवणाच्या टेबलावर पसरला. आईंना समोच्च रेषा वगैरे काही ठाऊक नाही. त्यांनी बोट नदीवर ठेवलं आणि वरून खाली आणू लागल्या. "हितं वढा मिळतो. हितनं पल्याड जायचं, नावेनं. हितं माझ्या मावशीचं घर." नकाशावर ओढा होता, आणि मावशीच्या गावाचं नावही होतं. मग त्या नकाशावर नसलेली नावं सांगू लागल्या, वाड्यांची, माळांची, पाणवठ्यांची, आणि मी लिहून घेऊ लागले. त्या दुपारी जमलेली नावं दुसऱ्या कुठल्याही नकाशावर नाहीत. तुमच्या घरात धरणग्रस्त कुणी असेल, तर हा कागद त्यांच्यासमोर एकदा ठेवाच, आणि लवकर ठेवा.

जुना नकाशा आजच्या नकाशावर बसवताना एक तांत्रिक गोष्ट सांभाळावी लागते. पृथ्वीचा आकार धरायच्या पद्धती दोन: जुन्या शीटा एव्हरेस्टच्या गोलाकृतीवर आहेत, मोबाइलचं जीपीएस डब्ल्यूजीएस-८४ या नव्या पद्धतीवर. आपल्या भागात त्यामुळे शंभर-सव्वाशे मीटरचा फरक पडतो. सपाट मुलखात तो चालून जाईल, सह्याद्रीत तेवढ्यात सोंडेवरचा माणूस कड्यावर जातो. ओपन सिरीजच्या शीटा डब्ल्यूजीएस-८४ वरच असल्याने त्यांना ही अडचण नाही. यू५०२ मात्र क्यूजीआयएस या नकाशांच्या संगणक प्रणालीत चार कोपरे धरून बसवा, फरक जुळवून घ्या, आणि तरीही तिच्यावर १ मिलिमीटर म्हणजे २५० मीटर, हे ध्यानात ठेवा. ती 'काय होतं' हे सांगते; 'नेमकं कुठे पाऊल टाकू' हे तिला विचारू नये.

मोबाइलशी तुलना करायची तर आपण कुठे उभे आहोत हे सांगण्यात मोबाइल सरस आहे, आणि मीही शीटची पीडीएफ त्यात भरून ठेवते. पण पाच इंची पडद्यावर अख्खं खोरं एका नजरेत येत नाही. कोणती सोंड कोणत्या पठाराला जाऊन मिळते, हे समजायला मोठा कागद जमिनीवर पसरून चौघांनी भोवती बसावं लागतं. वर्गात मी तेच करते. समोच्च रेषा पुस्तकात शिकताना जांभया देणारी मुलं आपल्या गावाची शीट पसरली की वाकून आपलं शेत शोधू लागतात.

एक कळकळीची विनंती. शीटवर वाट दिसते म्हणून व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यात शिरू नका. वासोट्याला बामणोलीच्या वनखात्याच्या कार्यालयातून परवानगी घेऊनच जायचं, मुक्काम करायचा नाही, आणि पावसाळ्यात तो भाग बंद असतो. जोत्यांवरचे दगड हलवू नका, जाती-पाटे उचलून आणू नका. ती कुणाची तरी घरं आहेत, आणि ती माणसं अजून आहेत.

सुरुवात करणाऱ्याने मात्र ४७ जी/१० पेक्षा उत्तरेची ४७ जी/९ आधी घ्यावी. तिच्यात महाबळेश्वर, प्रतापगड, पार आणि मधुमकरंदगडाचा परिसर येतो. पार घाटासारख्या जुन्या व्यापारी वाटेवर अजून गावं नांदती आहेत, वाट चुकली तर विचारायला माणूस भेटतो, आणि कागद व जमीन यांची सांगड घालायचा सराव तिथे निर्धास्तपणे होतो. तो झाला की मग कोयनेच्या शांत काठाची शीट उघडा.