दारूचा किंवा नशेच्या गोळ्यांचा संशय आलाय: आधी रक्त, लघवी की प्रश्न?

मिरजेच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी अठरा वर्षं रक्त काढते. मध्यंतरी तासगावकडची एक बाई नवऱ्याचा लिव्हरचा रिपोर्ट न्यायला आली. कागद उलटापालटा करून म्हणाली, "ताई, सगळं नॉर्मल हाय म्हणं. मग मीच उगं कटकट करते व्हय?" नवरा रोज रात्री क्वार्टर घ्यायचा. सकाळी चहाची कपबशी धरताना त्याचा हात थरथरायचा, म्हणून तो पेल्यातून चहा प्यायला लागला होता. मशीननं दिलेले आकडे बरोबरच होते. तिला पडलेल्या प्रश्नाचं उत्तर मात्र त्या कागदावर नव्हतं.

घरात कुणाचं पिणं वाढलंय, किंवा कॉलेजात जाणाऱ्या पोराचं काही खरं वाटत नाही, आणि आता कोणती तपासणी करावी या विचारात तुम्ही असाल, तर हे तुमच्यासाठी लिहितेय.

बहुतेक जण आधी रक्ताकडे वळतात, म्हणून तिथूनच सुरुवात करते. दारूसाठी डॉक्टर साधारणपणे जीजीटी, एसजीओटी-एसजीपीटी ही लिव्हरची एन्झाइम्स आणि सीबीसीमधला, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीतला, एमसीव्ही बघतात. जीजीटी नियमित पिण्यानं वाढतं आणि दारू बंद केली की दोन-तीन आठवड्यांत अर्ध्यावर येतं. एसजीओटी हे एसजीपीटीच्या दुपटीहून जास्त असेल, तर दारूनं लिव्हरला इजा झाल्याचा संशय बळावतो. एमसीव्ही म्हणजे तांबड्या पेशींचा आकार. या पेशी सुमारे १२० दिवस जगतात, त्यामुळे दारू सुटली तरी हा आकडा खाली यायला तीन-चार महिने लागतात. सीडीटी नावाची तपासणी यांच्यापेक्षा नेमकी आहे. दोनेक आठवडे रोज ५०-६० ग्रॅम अल्कोहोल पोटात गेलं की ती वाढते, पण ती महाग आहे आणि छोट्या लॅबमध्ये होत नाही.

अडचण अशी की हे आकडे दोन्ही बाजूंनी फसवतात. जीजीटी फॅटी लिव्हरनं वाढतं, मधुमेहात वाढतं, फिटच्या काही गोळ्यांनीही वाढतं. एमसीव्ही बी-१२ कमी असलं तरी वाढतो, आणि आपल्याकडच्या माळकरी, पूर्ण शाकाहारी घरांत बी-१२ ची कमतरता मी रोज बघते. थेंबही न घेणाऱ्या आजीचा एमसीव्ही १०५ आलेला मी पाहिलाय. उलट, तिशीतला माणूस वर्षानुवर्षं पीत असतो आणि त्याचे सगळे आकडे चौकटीत बसतात. मग तोच रिपोर्ट तो घडी करून खिशात ठेवतो आणि भांडण झालं की बाहेर काढतो. नॉर्मल रिपोर्टनं केलेलं हे नुकसान मला सगळ्यात जास्त टोचतं, कारण तो मीच हातात दिलेला असतो.

आता प्रश्न. फुकटात होणारी ही तपासणी लोकांना तपासणीच वाटत नाही. दोन प्रश्नावल्या जास्त वापरात आहेत. 'केज' ही डॉ. जॉन युइंग यांची, १९८४ साली प्रसिद्ध झालेली, फक्त चार प्रश्नांची: पिणं कमी करायला हवं असं कधी वाटलं का, कुणी पिण्यावरून बोललं तर राग आला का, पिण्याबद्दल अपराधी वाटलं का, सकाळी उठल्या उठल्या हात स्थिर व्हावा किंवा उतारा म्हणून घेतली का. दोन 'हो' आले की डॉक्टर पुढे खोलात जातात. एका मिनिटाचं काम. पण केज आयुष्यभराचं विचारतं, आजचं नाही. दहा वर्षांपूर्वी सोडलेला माणूसही त्यात अडकतो. आणि ज्याला पिण्याचं काहीच वाटत नाही, जो शनिवारी मित्रांबरोबर शेतात बसून बेसुमार पितो, तो अलगद सुटतो.

'ऑडिट' ही जागतिक आरोग्य संघटनेची. तिच्यात दहा प्रश्न आणि शून्य ते ४० गुण आहेत. पहिले तीन किती आणि किती वेळा पितो यावर, पुढचे तीन अवलंबित्वावर, शेवटचे चार झालेल्या नुकसानावर. बहुतेक प्रश्न गेल्या वर्षभरातले. ८ किंवा जास्त आले तर धोका, १६ पासून समुपदेशन आणि पाठपुरावा, २० किंवा जास्त आले तर व्यसनाच्या डॉक्टरांकडून पूर्ण तपासणी. निवड माझ्यावर असेल तर दारूसाठी मी डोळे झाकून ऑडिट घेईन, आणि त्याचं कारण आपल्या बोलण्यातच आहे. आपल्याकडचा माणूस म्हणतो, "एकच घेतो." ती एक म्हणजे क्वार्टर. १८० मिलि, ४२.८ टक्के, म्हणजे सुमारे ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. ऑडिटमध्ये एक ड्रिंक १० ग्रॅमचं धरलंय, म्हणजे त्या 'एका'त सहा ड्रिंक बसली. ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची ६५० मिलिची बाटली घेतली तरी चार होतात. तासगावच्या त्या नवऱ्याचा हिशोब मी मनात केला: रोज पिणं ४ गुण, एका वेळी सहा ड्रिंक २ गुण, सहा किंवा जास्त घेणं रोजचंच म्हणून आणखी ४. तीन प्रश्नांतच १० गुण झाले, आणि सात प्रश्न अजून बाकी होते. रक्त गप्प होतं तिथे तीन प्रश्न बोलले.

माणूस खोटं बोलेल ही शंका येतेच, आणि खोटं बोलतातही. पण बायको-भावासमोर विचारलं तर. डॉक्टरांनी एकट्याला बसवून, जेवण-झोप विचारावं तितक्या सहज विचारलं, तर बरेच जण खरं सांगतात. म्हणून ही प्रश्नावली घरच्यांनी पोलिसांसारखी भरून घेऊ नये. तुम्ही फक्त बघितलेलं लिहून ठेवा: पहाटेचा कंप, वारंवार पडणं, सकाळच्या ओकाऱ्या, तळपायाला मुंग्या, पाठीत जाणारी पोटदुखी, लाल तळवे, गोळ्या घेऊनही न उतरणारं बीपी. यातल्या प्रत्येकाला दुसरी कारणं आहेत, पण एकत्र आली की डॉक्टरांना दिशा मिळते.

मग रक्त कधी? इजा किती झालीय हे बघायला, आणि दारू सोडल्यानंतर घटणारं जीजीटी त्या माणसाला दाखवायला. तेव्हा तोच कागद उमेद देतो. तिथे त्याला तोड नाही.

पोरांचं वेगळं आहे. गांजा, झोपेच्या गोळ्या, खोकल्याचं औषध, पंक्चरचं सोल्युशन यांपैकी काय चाललंय हेच माहीत नसतं. लघवीची पट्टी सोपी वाटते, पण ती ठरावीक पदार्थच पकडते. हुंगायचं सोल्युशन तिच्यात दिसत नाही. अफूवर्गाच्या नेहमीच्या पट्टीत ट्रॅमाडॉल ही वेदनाशामक गोळी सापडत नाही, उलट खसखस घातलेलं वाटण भरपूर खाल्लं तर तीच पट्टी कधी कधी पॉझिटिव्ह येते. एखाद्या वेळी ओढलेला गांजा तीनेक दिवस दिसतो, रोज ओढणाऱ्याचा महिनाभरही. म्हणजे पॉझिटिव्ह आली तरी किती आणि केव्हापासून ते कळत नाही, आणि निगेटिव्ह आली तरी निश्चिंत होता येत नाही. आईनं 'कावीळ बघायचीय' सांगून मुलाची लघवी आणलेली मी पाहिलीय. त्या मुलाला ते दुसऱ्या दिवशी कळलं आणि त्यानं घरात बोलणं टाकलं. इथे जागतिक आरोग्य संघटनेचीच 'असिस्ट' प्रश्नावली चांगली. तंबाखू, दारू, गांजा, झोपेच्या गोळ्या, हुंगायचे पदार्थ अशा प्रत्येकाचं ती वेगळं विचारते. पट्टी हवीच असेल तर मुलाला सांगून, डॉक्टरांच्या हातून.

तपासणीपेक्षाही एका गोष्टीची मला जास्त भीती वाटते. रोज पिणारा माणूस श्रावण लागला म्हणून किंवा माळ घातली म्हणून एका रात्रीत बंद करतो. संकल्प मोलाचा आहे, पण शरीराला सवय झालेली असेल तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दोन ते चार दिवसांत भास, घाम, ताप, बरळणं सुरू होऊ शकतं. त्यात जीव जातो. औषधं आणि बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं देऊन हे टाळता येतं, म्हणून आधी डॉक्टर, मग माळ. आणि न सांगता जेवणात कालवायच्या गोळ्या-पावडरी घरात आणूच नका. दारू सोडवायला देतात त्या डायसल्फिरामच्या गोळीवर दारू पोटात गेली तर बीपी कोसळतं, आणि त्या माणसाला आपल्या पोटात काय गेलंय हेही ठाऊक नसतं.

आधी नुसतं बोलायचं असेल तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. दवाखान्यात जाल तेव्हा जुने रिपोर्ट, चालू गोळ्यांची पाकिटं आणि शेवटचा घोट किती वाजता घेतला ती वेळ कागदावर लिहून न्या.