मेक्सिको, बेलीझ की ब्राझील? हरलेल्या मळेवाल्यांची कोणती वसाहत अभ्यासाला घ्यावी

अमेरिकेतली यादवी 1865 मध्ये संपली, गुलामी टिकवण्यासाठी लढणारी दक्षिणेकडची राज्यं हरली. गुलाम मुक्त झाले आणि दक्षिणेतल्या काही मळेवाल्यांनी बायकामुलांसह देशच सोडला. प्रबंधासाठी त्यांची एखादी वसाहत निवडायची असेल, तर तीन पर्याय आहेत.

मेक्सिकोची कथा सर्वांत नाट्यमय. फ्रेंच फौजेच्या जोरावर गादीवर बसलेल्या बादशहा मॅक्सिमिलियनने कोर्दोबाजवळ जमिनी दिल्या, राणीच्या नावावरून वसाहतीचं नाव कार्लोता ठेवलं गेलं. गुलामी बेकायदा होती, पण मजुराला पाच ते दहा वर्षं जखडणारा करार चालत होता. पुढे फ्रेंच फौज परतली, वसाहत विस्कटली आणि जून 1867 मध्ये बादशहालाच गोळ्या घातल्या. विषय रंगतदार, पण प्रबंधापुरता टिकाव धरणार नाही.

ब्रिटिश होंडुरास म्हणजे आजचं बेलीझ. राज्य इंग्रजांचं, भाषा ओळखीची. गुलामी मात्र तिथे 1830 च्या दशकातच संपलेली. बरेच जण कंटाळून परतले. टोलेडो भागात तग धरलेल्यांनी ऊस लावला आणि त्यांच्या साखरमळ्यांवर हिंदुस्तानी मजूरही राबले. आपल्याकडच्या अभ्यासकाला हा धागा सोडवणार नाही.

माझा कौल तरीही ब्राझीलला. सम्राट दुसरा पेद्रो याला कापूस पिकवणारे हवे होते, आणि तिथे गुलामी 13 मे 1888 पर्यंत कायदेशीर होती. अलाबामाचा माजी सिनेटर विल्यम नॉरिस साओ पावलो प्रांतात सांता बार्बाराजवळ स्थिरावला. ॲमेझॉनकाठच्या सांतारेंमध्ये गेलेल्यांचे हाल झाले. सांता बार्बाराजवळ मात्र 1875 मध्ये रेल्वे आली आणि स्टेशनाभोवती आजचं अमेरिकाना शहर वाढलं. कॅथलिक दफनभूमीत प्रोटेस्टंटांना जागा मिळेना, म्हणून त्यांनी शेतातच स्वतःची दफनभूमी केली. ती आजही आहे, आणि तिथल्या दगडांवर अमेरिकी आडनावं वाचता येतात. वंशजांच्या आठवणींत लोखंडी नांगर नि कलिंगडं फार, गुलाम कमी. गुलाम खरेदीच्या नोंदी मात्र सापडतात. प्रबंधाचा जीव या तफावतीत आहे.

अट एकच: पोर्तुगीज वाचता आली पाहिजे. ती शिकायची तयारी नसेल, तर सरळ बेलीझ घ्या.