नौपाड्यातलं जुन्या रेकॉर्ड्सचं दुकान, एकदा जाऊन याच

ठाणे स्टेशनपासून चालत दहा मिनिटं, गल्लीत आत आहे, बोर्ड पटकन दिसत नाही. मी गेले होते बाबूजींची एलपी शोधायला तर काका स्पॅनिश काहीतरी लावून बसलेले, एक शब्द कळत नव्हता पण पाय निघेना. विचारलं तर म्हणाले ही सेलिया क्रूझ, क्युबाची, बस आणि ऐक.

मग त्यांनी सगळं सांगितलं, 1960 ला ती देशाबाहेर गेली, 1962 ला आई वारली तर क्युबाच्या सरकारने तिला अंत्यविधीलाही परत येऊ दिलं नाही, मग 1990 ला क्युबातच असलेल्या ग्वांतानामोच्या अमेरिकन तळावर गायला गेली तेव्हा तिथली मूठभर माती घेऊन आली आणि 2003 ला ती गेली तेव्हा तीच माती शवपेटीत ठेवली. मला तिथेच भरून आलं. आमचं देवरुखचं घर विकलं तेव्हा आईने तुळशीवृंदावनातली माती डब्यात आणलेली, अजून बाल्कनीतल्या कुंडीत आहे ती.

आणि गंमत म्हणजे 'क्वांदो साली दे कूबा' म्हणजे 'मी क्युबा सोडली तेव्हा', देश सुटलेल्या क्युबन लोकांचं एवढं जवळचं गाणं, ते लिहिलंय अर्जेंटिनाच्या लुइस अगिलेने! सेलियाच्या आवाजात नक्की ऐका.

दुकानाचं म्हणाल तर किंमती थोड्या जास्त आहेत, एसी नाही, पण काका घेण्याआधी अख्खी बाजू ऐकू देतात आणि रेकॉर्ड स्वच्छ पुसून देतात. यूपीआय चालतं. दुपारी दोन ते पाच बंद.