१६ जीबी रॅम मिळाली, पण कसली?

म्हापशातल्या एका दुकानातून घरासाठी कॉम्प्युटर जोडून घेतला. चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या आधीची सूट होती, हिशेब तीस हजारांच्या आतबाहेर. व्हॉट्सअ‍ॅपवर कोटेशन आलं ते असं: रायझन ५ ५६००जी प्रोसेसर, ए५२० मदरबोर्ड, डीडीआर४ ३२०० रॅम ८ अधिक ८ जीबी, ५१२ जीबी एसएसडी. यादीत नाव ठेवायला जागा नव्हती. ३२०० हा रॅमचा वेग; प्रोसेसर ३२०० ची रॅम पेलतो, बोर्डही पेलतो. घरी आलेल्या वस्तूही अस्सल, डुप्लिकेट एकही नाही. म्हणूनच ही फसवणूक पटकन लक्षात येत नाही.

मशीन चालू झालं, विंडोज झटकन उघडलं. पण मुलाने गेम लावला की तो अडखळायचा, व्हिडिओ एडिटिंगचंही तेच. साखळीच्या त्याच्या मित्राकडे हाच प्रोसेसर आहे, तिथे हाच गेम पाण्यासारखा चालतो. विंडोजमधला टास्क मॅनेजर उघडला, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर क्लिक केलं. स्पीड २४००. स्लॉट वापरात दोनपैकी एक. कॅबिनेटची बाजू काढली तर आत १६ जीबीची एकच पट्टी, लेबलवर स्वच्छ २४०० छापलेलं, आणि शेजारचा स्लॉट रिकामा.

हा फरक वाटतो तेवढा किरकोळ नाही. ५६००जीमध्ये ग्राफिक्स प्रोसेसरच्या आतच असतं, त्याला स्वतःची मेमरी नसते. ते रॅमवरच जगतं. ३२०० च्या दोन पट्ट्या दोन चॅनेलना, म्हणजे प्रोसेसर आणि रॅममधल्या दोन वेगळ्या रस्त्यांना लावल्या तर सेकंदाला जास्तीत जास्त ५१.२ जीबी डेटाची ये-जा होऊ शकते. २४०० ची एकटी पट्टी १९.२ वर थांबते. १६ जीबीचे १६ जीबी मिळाले, पण रस्ता निम्म्याहून अरुंद. वेगळं ग्राफिक्स कार्ड असतं तर कदाचित आम्हाला कळलंही नसतं, आणि दुकानदार बहुधा त्याच भरवशावर असतात.

शुक्रवारच्या बाजाराच्या गर्दीतून कॅबिनेट छातीशी धरून दुकानात गेलो. मालक म्हणाला, "चलता न्ही बाब? मागीर आनीक कितें जाय?" म्हणजे चालतोय ना, मग आणखी काय हवं? मी कोटेशन दाखवलं. तेव्हा त्याने काउंटरवरच्या मुलाला हाक मारली, आणि त्या मुलाने ३२०० ची ८ जीबीची पट्टी आणून जुन्या पट्टीच्या शेजारी बसवली. "आता दोन झाल्या, ड्युअल चॅनेल!" टास्क मॅनेजर पुन्हा उघडला तर स्पीड २४००च. वेगवेगळ्या स्पीडच्या पट्ट्या एकत्र लावल्या की दोन्ही हळू पट्टीच्या चालीने चालतात. मी हे म्हटल्यावर त्याने बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये जाऊन जबरदस्तीने ३२०० केलं. पंखा फिरला, स्क्रीन काळीच. थोड्या वेळाने मशीन आपणहून २४०० वर आलं. "बोर्डाचा प्रॉब्लेम असेल," म्हणाला. बोर्ड त्याच्याच दुकानातला!

मग खरं हत्यार बाहेर आलं, ते म्हणजे बिल. बिलावर एवढंच: असेंबल्ड कॉम्प्युटर, १ नग. "यात ३२०० कुठे लिहिलंय?" कोटेशनचा मेसेज माझ्या फोनमध्ये नसता तर त्या प्रश्नावर मला घरचा रस्ता धरावा लागला असता.

फोंड्याच्या एका स्नेह्याला याच्या उलट गंडवलं. त्याला आय३ १०१०० आणि एच४१० बोर्ड दिला आणि वर "फास्ट रॅम घ्या" म्हणून ३२०० चे जादा पैसे लावले. त्या जोडीत रॅम २६६६ च्या वर जातच नाही. दहाव्या पिढीचा आय३ किंवा आय५ एच५१० वर लावला तरी तेच. प्रोसेसर, बोर्ड आणि रॅम या तिघांपैकी ज्याची मर्यादा सर्वांत कमी, त्याच्याच वेगाने सगळं चालतं. तेव्हा पैसे देण्याआधी प्रोसेसर आणि बोर्ड या दोघांची रॅमची मर्यादा कंपनीच्या साइटवर पाहून घ्या. दुकानदाराच्या तोंडी हिशेबावर जाऊ नका.

एका बाबतीत मात्र दुकानाशी विनाकारण भांडू नका. कॉम्प्युटरच्या भागांची माहिती दाखवणाऱ्या सीपीयू-झेड या प्रोग्रॅममध्ये ३२०० ची रॅम १६०० दिसते, ते बरोबर आहे, त्याची दुप्पट करायची. आणि काही पट्ट्या खोक्यातून काढल्यावर २१३३ किंवा २६६६ वर चालतात. बायोसमध्ये एक्सएमपी नावाचं सेटिंग चालू केल्यावर छापील स्पीड येतो. बोर्डाप्रमाणे त्याला डीओसीपी असंही नाव असतं. पण लेबलवरच २४०० असेल तर कसलं एक्सएमपी?

शेवटी ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवली. सोबत कोटेशनचा स्क्रीनशॉट, पट्टीच्या लेबलचा फोटो आणि टास्क मॅनेजरचा फोटो दिला. त्यानंतर दुकानातून फोन आला तो आवाज बराच मऊ होता. ३२०० च्या ८ जीबीच्या दोन पट्ट्या मिळाल्या. वर फिटिंग चार्ज मागितला, तो मी दिला नाही. नव्या बिलावर प्रोसेसर, बोर्ड आणि रॅमचं पूर्ण मॉडेल लिहून घेतलं, पट्ट्यांचे सीरियल नंबरसुद्धा. त्यासाठी बसवलेल्या पट्ट्या त्या मुलाला पुन्हा काढाव्या लागल्या. तो वैतागला, पण नंबर उतरवून घेईपर्यंत मी काउंटरवरून हललो नाही.