कॅस्को उपसागराचा ‘१७७२ सालचा’ नकाशा : माझी झालेली फसवणूक

मागील वर्षी मी ६,२०० डॉलर मोजून अमेरिकेच्या मेन राज्यातील कॅस्को उपसागराचा एक हस्तलिखित सागरी नकाशा विकत घेतला. त्यावर १७७२ हे साल लिहिलेले होते. तो ज्या कागदावर काढला आहे त्या कागदावरच १८०५ साल उमटलेले आहे, हे मला पाच महिन्यांनी समजले. बॉस्टनच्या परिसरात राहणारे आणि अशा जुन्या वस्तूंची आवड असणारे काही मराठी स्नेही मला ठाऊक आहेत. त्यांच्यापैकी कोणाची अशी फसगत होऊ नये, म्हणून घडले ते सविस्तर लिहीत आहे.

माझे वडील रत्नागिरीला बंदर खात्यात नोकरीला होते. सागरी नकाशांवरचे पाण्याची खोली दाखवणारे बारीक आकडे बोटाने वाचत ते मला सांगत, की आपले खलाशी ज्याला वाव म्हणतात, दोन्ही हात पसरल्यावर भरणारे ते सहा फुटांचे अंतर, तेच माप या नकाशांवर आहे. पुढे नोकरीसाठी इकडे आल्यावर येथील किनाऱ्याचे जुने नकाशे पाहताना मला पुन्हा तेच आकडे भेटले. १७६३ साली फ्रान्सशी युद्ध संपल्यावर इंग्रजांनी हा किनारा नीट मोजण्याचे काम हाती घेतले. जेम्स कुक १७६३ ते १७६७ या काळात न्यूफाउंडलंडला होता, डेस्बारेस नोव्हा स्कोशियाला, तर सॅम्युएल हॉलंड आणि त्याचे साहाय्यक सेंट लॉरेन्सच्या आखातापासून काम करीत पुढे न्यू इंग्लंडपर्यंत आले. लहान होडीतून शिशाचा ओळंबा पाण्यात सोडायचा, त्याच्या तळाच्या खळग्यात चरबी भरलेली असायची, आणि तिला चिकटून वर आलेली वाळू, चिखल किंवा शिंपल्यांचा चुरा पाहून तळ कसा आहे याची नोंद आकड्याशेजारी करायची, असे हे काम वर्षानुवर्षे चालले. यातले बरेचसे पुढे डेस्बारेसच्या ‘अटलांटिक नेपच्यून’ या नकाशासंग्रहात तांब्याच्या पत्र्यांवर कोरून छापले गेले. इतक्या कष्टाच्या कामाची हाताने काढलेली एखादी प्रत आपल्या घरी असावी, ही इच्छा मला अनेक वर्षे होती.

सर्वेक्षणांच्या मूळ प्रती सरकारदरबारी जमा झाल्या असल्या तरी त्यांच्या हाताने नकला होत असत, त्यामुळे एखादी नक्कल खासगी घरात निघणे अशक्य नाही. विक्रेत्याची हकिगत याच शक्यतेवर बेतलेली होती. एका जुन्या दर्यावर्दी घराण्याच्या पेटाऱ्यात हा नकाशा सापडला, असे त्याने सांगितले. मला धास्ती होती ती वेगळीच. २००५ साली येल विद्यापीठाच्या ग्रंथालयात नकाशे चोरताना एका नामांकित व्यापाऱ्याला पकडले होते आणि नंतर त्याने ९७ नकाशे चोरल्याची कबुली दिली होती, हे प्रकरण माझ्या डोक्यात पक्के बसले होते. म्हणून कडा पात्याने कापल्या आहेत का, ग्रंथालयाचा शिक्का खरवडल्याच्या खुणा आहेत का, हे मी भिंगातून तपासले, हरवलेल्या नकाशांच्या याद्या चाळल्या, आणि काहीच आक्षेपार्ह न आढळल्यामुळे नकाशा अस्सल असल्याचीच खात्री पटल्यासारखा निश्चिंत झालो. चोरीचा नसलेला नकाशा खोटा असू शकतो, हा साधा विचार त्या आठवड्यात माझ्या मनाला शिवलाही नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

नकाशा मागून लिननच्या कापडावर चिकटवलेला होता. वापरातले नकाशे टिकावेत म्हणून असे कापडावर चढवण्याची पद्धत खरोखरच होती, त्यामुळे मला त्यात काही वावगे वाटले नाही. परंतु मागे कापड असले की कागद खिडकीशी धरून जलचिन्ह, म्हणजे कागद बनवतानाच त्यात उमटवलेली आणि उजेडात दिसणारी खूण, पाहता येत नाही, आणि इंग्लंडमधल्या कागदाचे वय सांगणारा सर्वांत सोपा पुरावा तेथेच असतो, कारण १७९४ पासून तिकडचे कागद बनवणारे जलचिन्हात साल घालू लागले.

ऑक्टोबरात आम्ही कॅस्को उपसागराच्या काठच्या पोर्टलंडला फिरायला गेलो. पोर्टलंड हेडच्या दीपगृहाशेजारच्या छोट्या संग्रहालयात हे दीपगृह १७९१ च्या जानेवारीत प्रथम पेटवले गेले, असे वाचले आणि मी जागीच थांबलो. माझ्या नकाशावर त्याच टोकावर तांदळाच्या दाण्याएवढा एक मनोरा काढलेला आहे. तो मी शंभर वेळा पाहिला होता. गावाचे नाव मात्र त्यावर बरोबर फॉल्मथ असे जुनेच होते. पोर्टलंड हे नाव गावाला १७८६ साली मिळाले. नकाशा काढणाऱ्याने नाव आठवणीने बदलले आणि मनोरा राहून गेला.

परत आल्यावर कागद-संवर्धनाचे काम करणाऱ्या एका बाईंना नकाशा दाखवला. त्यांनी कापडाचा एक कोपरा ओलसर करून सोडवला, खाली दिव्याचा पातळ तक्ता सरकवला, आणि कागदात व्हॉटमन हे इंग्लंडमधल्या कागद बनवणाऱ्याचे नाव व त्याखाली १८०५ हे साल स्पष्ट दिसले. मग त्यांनी मला घडी दाखवली. मायफळाची जुनी शाई कागदात मुरते आणि काही ठिकाणी त्याला खाते. नकाशा काढून झाल्यावर घडी पडली असेल तर झिजेबरोबर तिथली शाईही तुटते. येथे किनाऱ्याची रेघ घडीवरून जाताना चिरेत पाझरून दोन्ही बाजूंना मुळांसारखी फुटली होती, म्हणजे कागद आधी घडी पडून झिजला आणि रेघ नंतर ओढली गेली. जुन्या हिशेबाच्या वह्यांतले कोरे कागद काढून असे काम करतात, असे त्या म्हणाल्या. कागद जुना आहे एवढ्यावर म्हणूनच विसंबू नये.

विक्रेत्याला कळवले तेव्हा त्याने पावती वाचायला सांगितली. पावतीवर ‘हॉलंड यांच्या १७७२ च्या सर्वेक्षणावरून, हस्तलिखित’ एवढेच लिहिलेले आहे. या व्यापारात ‘वरून’ या अर्थाचा शब्द आला की नकाशा कधी काढला याची कोणतीही हमी राहत नाही, तो काल काढलेला असला तरी चालतो. ‘त्याच काळातली प्रत’ हे शब्द तो फोनवर दोनदा बोलला होता, ते कागदावर कोठेही नव्हते. परत करण्याची मुदत चौदा दिवसांची होती, आणि ते सगळे दिवस नकाशा चौकट करणाऱ्याकडे पडून होता. पैसे मी कार्डाने न देता बँकेतून थेट पाठवले होते, त्यामुळे कार्ड कंपनीकडे तक्रार करून ते परत मिळवण्याचा मार्गही बंद झाला. वकिलाचा खर्च रकमेच्या निम्म्याहून अधिक होईल असे समजल्यावर मी तो विषय सोडला. घेणाऱ्याने नकाशा काढल्याचा काळ पावतीवर लिहून घ्यावा, आणि मुदत संपण्याआधी कापडाचा एक कोपरा जाणकाराकडून सोडवून पाहावा. विक्रेता त्याला तयार नसेल तर व्यवहार करू नये.

नकाशा माझ्याकडेच आहे. जलचिन्हाचे साल आणि दीपगृहाची विसंगती यांची नोंद त्या बाईंकडून मी कागदाच्याच मागील बाजूस कायमची करून घेतली आहे, म्हणजे माझ्यानंतर तो कोणाच्याही हाती गेला तरी १७७२ सालचा म्हणून पुन्हा विकता येणार नाही.